पेढ्याच्या खोक्यातली शीक

ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना सगळं सोलापूर चाचा म्हणत असे. एस.टी. स्टँडासमोर शीक-रोटी विकणारे चाचा. अन्याय झाला गेल्या वर्षी, संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा उठल्यानंतरच्या पहिल्या गुरुवारी, भर दुपारी, परवान्याच्या कचेरीत, माणसांनी गच्च भरलेल्या खोलीत. हे आधीच सांगून टाकतो. पुढं चाचांच्या गमती वाचताना तुम्ही हसाल आणि मूळ गोष्ट बाजूला राहील. एकदा राहिलीच आहे.

चाचांची एक लकब तुम्हीही पाहिली असेल. गिऱ्हाईक आलं की ते मान वर करत नसत. नजर निखाऱ्यांवर, डाव्या हातात ताडाच्या पानाचा पंखा, उजव्या हातानं सळया फिरवणं चालू. कुणी "चाचा, ओळखलं का?" असं विचारलं तर म्हणायचे, "हात दावा, तोंड नगं." हात पुढं आला की त्यात पुडकं पडायचं. संपलं. कोण आलं, कोण गेलं, त्यांना ठाऊक नाही. निदान तसं ते म्हणायचे.

शरीरानं काटकुळे, मेंदी लावलेली दाढी, चौकड्यांची लुंगी. शेगडीच्या धगीनं उजवी भुवई कायमची जळून गेलेली, त्यामुळं ते सतत कशाचं तरी नवल करत आहेत असं वाटायचं. पत्र्याची शेड, पुढं एक बाकडं, मागं शेड आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये हातभर बोळ. या बोळाला गिऱ्हाइकं "मागची बाजू" म्हणत. बाकड्यावर बसून खाणारे थोडे. मागच्या बाजूला उभं राहून, तोंड भिंतीकडं करून खाणारे पुष्कळ.

मी त्या वेळी बिडी कामगार बायकांच्या सभांसाठी तालुक्यांतून फिरत असे. आज माढा, उद्या अक्कलकोट. पिशवीत पत्रकांचा गठ्ठा आणि पोटात काही नाही. स्टँडावर उतरलं की चाचा, गाडीत चढायचं तरी चाचा. बकऱ्याचे बारीक तुकडे, त्यांना कच्ची पपई, लसूण आणि सोलापुरी काळं तिखट चोळलेलं. ते सळईवर भाजून, घरून आणलेल्या मऊ रोटीत गुंडाळायचे, वर कांदा आणि लिंबू. खाली पळसाचं पान, बाहेर जुनं वर्तमानपत्र. अक्कलकोटच्या गाडीत बसलो की कुंभारी येईपर्यंत पुडकं उघडायचं नाही असा माझा नियम होता. तो एकदाही पाळला गेला नाही. शेजारचा माणूस आधी नाक मुरडायचा, मग विचारायचा, "कुटनं आनलं हो?"

मी बाकड्यावर बसून खायचो. चाचांना त्याची गंमत वाटायची. मला ते लीडर म्हणत.

"लीडर, तू कायकू फुडं बसतो? तुज्या जातीचे समदे मागं हायत."

मी म्हणायचो, मला जात नाही. ते म्हणायचे, "तुला नसंल. तुज्या आईला हाय की." आणि पंखा हलवत हसायचे.

श्रावणात तर मागच्या बाजूला उभं राहायला जागा नसे. पुढच्या रस्त्यानं देवळाची पालखी चाललेली, आणि मागं, भिंतीला नाक लावून, पालखीतलेच काही भाविक लिंबू पिळतायत. मी चाचांना म्हटलं, ही ढोंगी माणसं आहेत, यांना का खाऊ घालता? ते म्हणाले, भूक ढोंगी नसते, माणूस असतो. मला त्यात तथ्य वाटलं नाही. आजही वाटत नाही.

बाजारात हीच माणसं समोर आली की चाचा रस्ता ओलांडून पलीकडं जात. का, तर आपण सलाम केला आणि बरोबरच्या माणसानं विचारलं, हा मियाँ तुम्हाला कसा ओळखतो, तर बिचारा काय सांगेल? बिचारा. शब्द त्यांचा आहे, माझा नव्हे.

आता खोक्यांचं सांगतो. सगळं त्यावरच उलटलं.

एकदा एक तरुण मास्तर मागच्या बाजूला आला आणि खाईना. नुसता उभा. त्याची बायको दिवसांत होती, तिला शीक खायची वासना झाली होती, आणि घरात आई माळकरी. पुडकं घेऊन उंबऱ्यातून आत शिरणं शक्य नाही. चाचांनी त्याला थांबवून घेतलं. नव्या पेठेत मिठाईची खोकी तयार करणारा एक कारागीर त्यांच्या ओळखीचा होता. छपाई वाकडी झालेली खोकी तो टाकून देई. त्यातलं एक गुलाबी, पेढ्यांचं खोकं चाचांनी आणलं, आत पळसाची पानं अंथरली, रोटी घड्या घालून बसवली, वरून दोरा बांधला. मास्तर हातात पेढे घेऊन रुबाबात घरी गेला. पुढं मुलगी झाली तेव्हा तो खरे पेढे घेऊन आला. चाचांनी त्यातला एक तोंडात टाकला आणि म्हणाले, "ह्यात तिखट कमी हाय."

ही बातमी मागच्या बाजूला पसरली. ज्याला त्याला खोकं हवं झालं. बार्शीला जाणारे, माढ्याला जाणारे, पंचक्रोशीतले सगळे इज्जतदार लोक गाडीत पेढ्याचं खोकं मांडीवर घेऊन बसू लागले. चाचा खोक्यांची चळत शेडमध्ये ठेवू लागले. मागणाऱ्यानं फक्त म्हणायचं, "चाचा, गुलाबी."

असेच गुलाबी मागणारे एक सेक्रेटरीसाहेब होते. एका शिक्षणसंस्थेचे सेक्रेटरी. गळ्यात माळ, बक्षीस समारंभात शाकाहारावर भाषण ठरलेलं. मी ते भाषण ऐकलंय. छान करतात. जीभ चालते.

मार्गशीर्षात त्यांच्या पुतणीचा साखरपुडा माढ्याला होता. नव्या पेठेतून त्यांनी पेढे घेतले, गुलाबी खोक्यात. स्टँडावर आल्यावर वाटेत खायला म्हणून चाचांकडून आपलं खोकं घेतलं, तेही गुलाबी. मी बाकड्यावर होतो. त्यांनी "चाचा, गुलाबी" म्हटलेलं मी या कानांनी ऐकलंय. दोन्ही खोकी पिशवीत गेली, वर शेवंतीचे हार. गाडीत शेजारी नेमके मुलाकडचे पाहुणे येऊन बसले. झालं. खोकं उघडायची सोय राहिली नाही. साहेब माढ्यापर्यंत उपाशी, पिशवी पायाशी.

माढ्याला उतरताच घरातल्या बायांनी पिशवी हातातून घेतली. हार काढले, वरचं खोकं उचलून देवापुढं ठेवलं. पुढचं सांगायला नको. दोन्हीकडची मंडळी बसलेली असताना मुलाच्या आजोबांनी ते उघडलं.

इथं तुम्ही हसलात. मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो. आता पुढचं ऐका.

सेक्रेटरीसाहेबांनी तिथल्या तिथं, देवापुढं उभं राहून सांगितलं, की गाडीची वाट बघताना मी पेढ्यांची दोन्ही खोकी त्या मियाँच्या बाकड्यावर ठेवली होती. त्यानं त्यातलं एक बदललं. मुद्दाम बाटवलं. लोकांनी विश्वास ठेवला. का ठेवणार नाहीत? एका बाजूला माळ, दुसऱ्या बाजूला मेंदीची दाढी. साखरपुडा वाचला. दुसऱ्याच दिवशी परवान्याच्या कचेरीत अर्ज पडला. अर्जात लिहिलं होतं की हा इसम मिठाईच्या खोक्यांत मांस भरून प्रवाशांचा धर्म बुडवतो. शिपाई शेडवर आले, त्यांना खोक्यांची चळत सापडली. पुरावा म्हणून उचलून नेली. शेडला कुलूप लागलं, आणि निकालाचा दिवस गड्ड्यानंतरचा ठरला.

मी रात्रंदिवस पेटलो होतो. पत्रक लिहिलं. सेक्रेटरीसाहेबांचं नाव सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. खाली मागच्या बाजूच्या सगळ्यांची नावं, हुद्द्यांसकट. मला सगळे माहीत होते, मी तोंडं बघतो. छापण्याआधी चाचांना वाचून दाखवायला त्यांच्या घरी गेलो. ते अंगणात सळया घासत बसले होते. दुकान बंद, तरी घासत होते. मी वाचलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "फाड."

मी म्हटलं, का?

"त्या पोरीचं लगीन मोडंल, लीडर."

मी म्हणालो, ती पोरगी तुमची कोण? तुम्ही तिला पाहिलेलंसुद्धा नाही.

"मी कुणालाच बगितलं न्हाई. तिचा चुलता मटन खातो आसं गावात झालं तर सासरचे तिला आणतील व्हय? तिनं काय केलं हाय?"

"आणि तुमचं काय? तुमची शेड जाईल, नाव जाईल. लोक म्हणतील यानं बाटवलं."

त्यांनी घासलेली सळई बाजूला ठेवून दुसरी उचलली. मग म्हणाले, "लोक म्हणत्याल. पर खाल्लेल्यांना ठाव हाय. त्यातला एक तरी हुबा ऱ्हाईल की. मी कशाला नाव घिऊ? ते आपनहून घेत्याल."

मी म्हटलं, कुणी उभं राहणार नाही. ते म्हणाले, पैज लावू नको, मला जिंकायला आवडत नाही. त्यांना खरोखर असं वाटत होतं. इतकी वर्षं त्या माणसांना खाऊ घातलं, आणि त्यांच्याबद्दल इतकं कमी कळलं. तोंड न बघण्याचा हा तोटा.

त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला, की एकाचंही नाव छापणार नाही. म्हणाले, "तू देवबिव मानत न्हाईस. त्या तुज्या छापायच्या मशीनची शप्पत घे." मी घेतली. घ्यायला नको होती असं कुणी म्हणेल. पण समोर चाचा बसले होते, आणि डोळे पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडं होते.

गुरुवारी खोली भरली होती. टेबलावर गुलाबी खोक्यांची चळत रचून ठेवलेली. मी भिंतीशी उभा राहून एकेक चेहरा पाहिला. मागच्या बाजूचे जवळजवळ सगळे हजर होते. कुणी तमाशा बघायला, कुणी आपलं नाव निघतं की काय या धास्तीनं. तो तरुण मास्तरही होता. सेक्रेटरीसाहेब पहिल्या खुर्चीवर, माळ सदऱ्याच्या बाहेर काढलेली.

कचेरीतले अधिकारी वाईट नव्हते, हे मला सांगायलाच हवं. त्यांनी चाचांना खुर्ची दिली. चाचा बसले नाहीत. अधिकाऱ्यांनी विचारलं, मिठाई विकता का? नाही. मग खोकी कशाला?

"गिऱ्हाइकं मागत्यात म्हनून."

"कोण गिऱ्हाइकं? नावं सांगा."

चाचांनी टेबलावरच्या एका खोक्याचं उघडं झाकण लावलं.

"या खोलीत आहेत का?"

चाचांनी मान खाली घातली, शेगडीपुढं घालत तशी. म्हणाले, "साहेब, मी हात बगतो. तोंड बगत न्हाई."

खोली हसली. त्या हसण्यात सुटका होती, मला ऐकू आली. माणसं खुर्चीत सैल झाली. अधिकाऱ्यांनी टेबलावर हात आपटला आणि शांतपणे सांगितलं, की हे गृहस्थ कुणालाही न विचारता मांस भरून देत असतील तर परवाना रद्द होईल. गिऱ्हाइकानं स्वतः मागितलं असेल तर गुन्हा नाही. ते म्हणाले, मला एक माणूस पाहिजे, जो म्हणेल की खोकं मी मागून घेतलं. एक. आत्ता, या खोलीत.

मी पुढं झालो. मला विचारलं, तुम्ही खोकं घेतलं होतं का? मी म्हटलं, मी कागदात खातो, पण सेक्रेटरीसाहेबांनी मागितलेलं मी ऐकलं. हे नाव घेणं होतं का? होतं. शपथ छापण्याची होती, बोलण्याची नव्हती. सेक्रेटरीसाहेब हसले आणि म्हणाले, हा पोरगा माझ्या संस्थेविरुद्ध पत्रकं वाटत फिरतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तेही खरंच होतं. अधिकारी मला म्हणाले, बसा.

आणखी कुणी? त्यांनी पुन्हा विचारलं. पंख्याचा आवाज येत होता. चाचा दाराकडं बघत नव्हते, कुणाकडंच नव्हते, पण त्यांचा कान मागं होता. खुर्ची सरकल्याचा आवाज ऐकायला तो कान टवकारलेला मला दिसत होता. मास्तर आपल्या चपलेकडं बघत बसला. एकही खुर्ची सरकली नाही.

बाहेर आल्यावर पायऱ्यांवर चाचा मला म्हणाले, "उन्हाचं आल्यात बिचारे. पानी तरी पाजायचं त्यास्नी." एवढंच. मग ते चालू लागले. त्या वेळी मला त्यांचाही राग आला होता. अजून थोडा आहे.

शेड उचलली गेली. महिन्याभरात ते मुलीकडं विजापूरला गेले. मी स्टेशनवर गेलो होतो. डब्यात खिडकीपाशी बसले, शेगडी आणि सळया माझ्या हवाली केल्या, म्हणाले, जावयाच्या घरात धूर नको. तिथं आता ते लग्नाकार्यात इतर आचाऱ्यांच्या हाताखाली कांदा चिरतात. भटारखान्याच्या मागं बसतात. कुणी विचारलं तर सोलापूरचे आहोत असं सांगत नाहीत, असं त्यांच्या मुलीनं मला सांगितलं. सोलापुरात बाटवणारा म्हणून नाव झालंय, ते तिथवर येऊ नये म्हणून.

यानंतर मला चांगुलपणा सांगू नका. क्षमा वगैरे शब्द चाचांचे, ते त्यांच्यापाशी ठेवा. मी त्यांचा वारस नाही.

मध्यंतरी स्टँडावर एक गृहस्थ माझ्याजवळ आले, इकडंतिकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "ते चाचा आता कुठं बसतात हो?" मी होता तेवढा आवाज लावून विचारलं, "कशाला हवेत, सर? शीक खायला?" रांगेतली सगळी माणसं वळली. सर हातातली शेंगांची पुडी सावरत नाहीसे झाले. मला फार बरं वाटलं. त्या दिवशी जेवण गोड लागलं.

नाव छापणार नाही असा शब्द आहे. वर्णनाबद्दल शब्द नाही. म्हणून लिहितो. जे वकील कांदा काढून मागतात आणि नंतर लवंग चघळतात, ते तुम्ही. ज्यांच्या मिसेस सोमवारचं उद्यापन करत होत्या आणि जे त्याच सोमवारी दोन वेळा मागच्या बाजूला आले, ते तुम्ही. जे कापडदुकानदार चाचांच्या पंख्यानं वारा घेत म्हणायचे, तुमच्याविना सोलापूर ओस पडेल, ते तुम्ही. जे मास्तर आहेत, ज्यांची मुलगी आता चालायला लागली असेल, ते तुम्ही. तुमची बायको ओळखेल, शेजारी ओळखतील. मी पुढच्या पत्रकात आणखी लिहीन. चपला कुठल्या रंगाच्या, छत्रीला मूठ कसली, सगळं आठवतं मला. सेक्रेटरीसाहेबांचं वर्णन करायची गरजच नाही. त्यांच्या पुतणीचं लग्न वैशाखात झालं, ती सुखात नांदते आहे. तिच्या संसाराला आता धक्का लागायचा नाही. चाचांनी जिच्यासाठी तोंड मिटलं, तिचं भागलं. त्यामुळं आता कुणालाही ती सबब पुढं करता येणार नाही.

स्टँडासमोरची ती जागा वर्षभर मोकळी आहे. भिंतीवर काजळीचा पट्टा आहे तसाच. यंदा ती जागा नव्यानं द्यायची आहे. चाचांच्या वतीनं मी अर्ज टाकलाय. अधिकारी तेच आहेत, अटही तीच. जुना ठपका पुसायला एक माणूस पाहिजे. चाचांच्या मुलीला मी कळवलं. तिचं उत्तर आलं, की अब्बा काही बोलले नाहीत, पण त्या दिवसापासून बाहेरचा माणूस आला की सोलापूरहून कुणी आलंय का असं विचारतात.

येत्या बुधवारी, सकाळी अकरा वाजता, त्याच खोलीत सुनावणी आहे. तुम्ही त्यांच्या हातचं खाल्लंय. मला माहीत आहे, आणि मला माहीत आहे हे तुम्हालाही माहीत आहे. गाडीची सबब नको, लग्नाची नको, बायकोच्या उपासाची नको. या. आपलं पूर्ण नाव मोठ्यानं सांगा, आणि म्हणा, खोकं मी मागून घेतलं होतं.